गोष्टीतल्या मुलीला फासलेला रंग

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढते. हे सांगितलं की पुण्यात माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, "अरे वा! आणि बाकी काय करता?" आणि दुसरा, "आमच्या शाळेत याल का?" दुसऱ्या प्रश्नाला मी बहुतेक वेळा हो म्हणते, कारण मुलं मला आवडतात. मोठ्यांबद्दल इतक्या खात्रीनं सांगता येत नाही.

माझं एक पुस्तक आहे, झोपाळ्याचं. एका मोठ्या सोसायटीतल्या वॉचमनची मुलगी आईबाबांबरोबर पार्किंगमधल्या खोलीत राहते. खोलीच्या खिडकीतून सोसायटीची बाग दिसते, बागेतला झोपाळा दिसतो आणि शेजारची पाटीही दिसते, 'फक्त सभासदांच्या मुलांसाठी'. मुलीला झोपाळ्यावर बसायचंय. आणि बाहेरचं कुणी मूल बागेत शिरलं तर त्याला हाकलायचं काम तिच्या बाबांचं आहे. एवढीच गोष्ट. शेवटच्या चित्रात संध्याकाळ झालीय, बाग रिकामी आहे, बाबा पाठमोरे उभे आहेत आणि झोपाळा हलतोय. ती बसून गेली का, बाबांनी मुद्दाम पाठ फिरवली का, की नुसता वारा आहे, हे मी लिहिलेलं नाही. मुलं त्यावरून भांडतात. त्यांनी भांडावं म्हणूनच ते पान तसं ठेवलंय.

त्या मुलीचा रंग माझ्यासारखा आहे, चांगला सावळा. माझ्या लहानपणी खडूच्या पेटीत 'स्किन कलर' नावाची एक गुलाबी कांडी असायची. आमच्या खडकीच्या वसाहतीत त्या रंगाचं एकही माणूस नव्हतं, पण आम्ही सगळे आपापल्या आईला त्याच कांडीनं रंगवायचो. या पुस्तकाच्या वेळी मी तांबडी काव, पिवळा आणि निळ्याचा एखादा थेंब असं मिसळत बसले. हवी ती त्वचा, खाली रक्त वाहतंय अशी, उन्हात चमकणारी, मिळाल्यावरच पुढे गेले. ते पुस्तक माझं लाडकं आहे, हे सांगायला हरकत नाही.

तर त्या पुस्तकासाठी एका शाळेतून फोन आला. शाळा कात्रजच्या पुढे, टेकडीला टेकून बांधलेली, इंग्रजी माध्यमाची, गेटवर कारंजं असलेली. फोनवर समन्वयक बाई होत्या. आवाज गोड.

"मॅडम, आम्ही सामाजिक न्याय सप्ताह करतोय. चौथीची मुलं तुमचं पुस्तक वाचतायत. तुम्ही आलात तर त्यांना इतकं इन्स्पायरिंग होईल!"

मी हो म्हटलं.

"फक्त एक छोटीशी रिक्वेस्ट होती. जात वगैरे शब्द नको. मुलं लहान आहेत आणि पॅरेंट्स जरा सेन्सिटिव्ह आहेत. पॉझिटिव्ह ठेवूया. काइंडनेस, शेअरिंग, असं."

"म्हणजे वरण हवंय, पण डाळ नको," मी म्हटलं.

त्या मनापासून हसल्या. "मॅडम, तुम्ही किती विटी आहात!"

तिथेच फोन ठेवून द्यायला हवा होता असं नंतर माझा नवरा म्हणाला. पण मुलांनी पुस्तक वाचलंय म्हटल्यावर माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही.

त्या दिवशी रिक्षातून उतरले तर गेटपाशीच एक भली मोठी पुठ्ठ्याची चौकट उभी केलेली. तिच्यावर इंग्रजीत 'मला समता आवडते' असं लिहिलेलं, आणि त्यात डोकं घालून आया फोटो काढत होत्या. समन्वयक बाईंनी मलाही त्यात उभं केलं. आईस्क्रीम आवडावं तशी समता आवडणाऱ्या बायकांच्या मधोमध माझाही एक फोटो निघाला.

मग त्या मला एका वर्गात घेऊन गेल्या. दारावर लिहिलं होतं, 'एक दिवस त्यांच्यासारखा'.

"हा आमचा अनुभव कक्ष. मुलांना एम्पथी यायला हवी ना," बाई म्हणाल्या.

आत एका कोपऱ्यात थर्माकोलच्या विटा भरलेलं घमेलं होतं. मुलानं ते डोक्यावर घ्यायचं आणि खडूच्या रेघेवरून चालायचं. दुसऱ्या कोपऱ्यात नवा कोरा खराटा होता, त्याच्या मुठीला सॅटिनची रिबन. समोर दुकानातून आणलेली सुकी पानं पसरलेली, ती झाडून एका बाजूला करायची आणि पुढच्या मुलासाठी परत पसरायची. तिसऱ्या कोपऱ्यात निळं प्लॅस्टिक ताणून झोपडी केली होती, आत पोतं अंथरलेलं. एक आई आपल्या मुलाला त्या पोत्यावर झोपवून म्हणत होती, "सॅड फेस कर ना रे, हसू नकोस, फोटोत चांगलं दिसत नाही."

मुलगा बिचारा तोंड पाडायचा प्रयत्न करत होता आणि त्याला पोतं टोचत होतं म्हणून हसू येत होतं.

माझी आजी खराटा घेऊन पुण्याचे रस्ते झाडायची. तिच्या हाताला पडलेले घट्टे मी लहानपणी बोटांनी दाबून बघायचे. त्या खराट्याला रिबन नव्हती. मी बाईंना म्हटलं, "मला पाणी मिळेल का?"

त्यांना वाटलं मी भारावले. "हो ना, इथे सगळ्यांनाच भरून येतं," त्या म्हणाल्या आणि पाण्याची बाटली आणायला सांगितलं.

सभागृहात चौथीचे सगळे वर्ग बसले होते. मागे पालक. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मुख्याध्यापक. टाय लावलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. "आधी एक सरप्राइज आहे," ते म्हणाले. दिवे मंदावले, पडदा बाजूला झाला आणि रंगमंचावर झोपाळा दिसला. मुलं माझ्या पुस्तकाचं नाटक करणार होती.

खरं सांगते, त्या क्षणी सगळं विसरून मला आनंद झाला. आपली गोष्ट नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडून ऐकण्यासारखं सुख नाही. मी सरसावून बसले.

मग ती मुलगी आली. फाटका फ्रॉक, विस्कटलेले केस, अनवाणी. आणि तोंडाला, हातांना, पायांना फासलेला तपकिरी रंग. नुसता लावलेला नाही, थापलेला. दिव्यांखाली तो बुटाच्या पॉलिशसारखा चकाकत होता. मुलगी वळली तेव्हा मानेचा मागचा भाग दिसला, तिथपर्यंत कुणाचा हात पोचला नव्हता. तिथे तिचा स्वतःचा रंग होता. सावळा. मी मिसळला होता जवळजवळ तोच. देवानं म्हणा, आईबापानं म्हणा, गोष्टीला हवा तोच रंग तिला दिलेला होता, आणि तेवढ्यानं या लोकांचं भागलं नव्हतं.

सोसायटीची मुलं झालेली सगळी गोरी होती. ती वेचून घेतली होती हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

नाटक पुढे सरकलं. मुलगी सुरेख काम करत होती. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता आणि झोपाळ्याकडे बघताना ती खरंच बघत होती. पण शेवट त्यांनी बदलला होता. बाबा पाठमोरे उभे राहिलेच नाहीत, बाबाच गाळून टाकले होते. त्याऐवजी सोसायटीच्या मुलांना दया आली. त्यांनी तिला हाताला धरून झोपाळ्यावर बसवलं, एकीनं तिला आपला जुना फ्रॉक दिला, एकानं बिस्किटाचा पुडा दिला. आणि त्या मुलीनं, माझ्या गोष्टीत एकदाही मान खाली न घालणाऱ्या मुलीनं, रंगमंचाच्या मध्यभागी येऊन हात जोडले. "थँक यू दादा, थँक यू ताई. तुमच्यासारखी चांगली माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे एक बाई डोळे पुसत होत्या.

मधेच उठून नाटक थांबवावं असं मला दोनदा वाटलं. पण ती मुलगी इतकं जीव ओतून काम करत होती, की मी ओरडले असते तर तिलाच वाटलं असतं आपलं चुकलं. म्हणून खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले.

मुख्याध्यापक माझ्याकडे झुकले. "शेवट थोडा होपफुल केला. ओरिजिनल जरा डार्क होता."

"हो," मी म्हटलं, "आपण सगळा अंधार तिच्या तोंडाला लावलात."

त्यांना ऐकू आलं नसावं. ते अजून टाळ्या वाजवत होते.

मग मला बोलायला बोलावलं. मी काही तयारी करून गेले होते, ती बाजूला ठेवली. मुलांना म्हटलं, "तुमच्या मित्रमैत्रिणींनी छान काम केलं. पण आता माझ्या पुस्तकात जे आहे ते मी तुम्हाला वाचून दाखवते." आणि पडद्यावर पानं दाखवत शेवटपर्यंत वाचलं. हलत्या झोपाळ्याचं पान आलं तसं सभागृह शांत झालं. मुलांची शांतता कळते. ती कंटाळलेली नव्हती.

"विचारा काय विचारायचं ते," मी म्हटलं.

पडलेल्या दाताची फट दाखवत एक मुलगा उठला. "पण हाकलणारे तर तिचे बाबाच होते ना? मग ते तिला घरी जाऊन सॉरी म्हणायचे का?"

एवढी वर्षं हे पुस्तक मी वाचून दाखवतेय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तो विचार करून म्हणाला, "नसतील म्हणत. माझे बाबा पण नाही म्हणत. पण आईस्क्रीम आणतात."

मुलं हसली आणि बांध फुटला. एक मुलगी म्हणाली, "आमच्या सोसायटीत पण अशीच पाटी आहे, पण स्विमिंग पूलला." दुसरा म्हणाला, "आमच्याकडे मेड आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट आहे. ती स्लो आहे." तिसरी उठून उभीच राहिली. "आमच्या मावशींचा कप वेगळा आहे. तो बाल्कनीत असतो. मी एकदा चुकून त्यात दूध प्यायले तर आजीनं मला आंघोळ घातली." हे सांगताना तिला काही वाटत नव्हतं. ती फक्त माहिती देत होती. "कारण जर्म्स असतात," तिच्या शेजारचा मुलगा मोठ्या माणसासारखा म्हणाला, "माझी मम्मी म्हणते, त्या लोकांना हायजीन नसतं."

"पण तेच लोक तुमची भांडी घासतात ना?" एक चष्मेवाली मुलगी मागून ओरडली. "मग जर्म्स सगळ्या भांड्यांना लागले असतील!"

सभागृहात एकच गलका. प्रत्येकाला आपल्या घरातलं सांगायचं होतं. मी मागे पालकांकडे बघितलं. मघाशी डोळे पुसणाऱ्या बाई आता मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होत्या. काही चेहरे असे झाले होते, जसं कुणी त्यांच्या घराचं दार न विचारता उघडलंय.

समन्वयक बाई लगबगीनं मंचावर आल्या आणि माझ्या हातातला माइक त्यांनी हसत हसत काढून घेतला. "किती सुंदर चर्चा! पण वेळेअभावी आपल्याला थांबावं लागतंय."

"अजून अर्धा तास आहे म्हणाला होतात," मी म्हटलं.

"मुलांची स्नॅक्सची वेळ आहे, मॅडम."

मुलांना रांगेत बाहेर नेलं. मला शाल घालायला मुख्याध्यापक पुढे आले, तेव्हा मी म्हटलं, "आधी मला त्या मुलीला भेटायचंय," आणि रंगमंचाच्या मागच्या दारानं बाहेर पडले.

ती मुलींच्या बाथरूममध्ये होती. बेसिनसमोर एकटी. हातधुणीचा साबण तोंडाला चोळचोळ चोळत होती आणि तपकिरी पाणी बेसिनमधून वाहत होतं. रंग तेलकट होता, नाटकातला, पाण्यानं नुसता पसरत होता. कपाळ आणि गाल घासून लाल झाले होते. तिनं मला आरशात बघितलं आणि थांबली.

"निघत नाहीये," ती म्हणाली.

"साबणानं नाही निघणार. थांब." रंगांत काम करून माझ्या हातांना भेगा पडतात म्हणून पर्समध्ये नेहमी क्रीमची ट्यूब असते. ती पिळून मी तिच्या गालांना लावली आणि माझ्या ओढणीनं पुसायला लागले. ओढणी पांढरी होती, तिचं काय व्हायचं ते झालं.

"फार छान काम केलंस तू," मी म्हटलं. "तुझा आवाज केवढा मोठा आहे!"

"मला वॉचमन व्हायचं होतं," ती म्हणाली. "पुस्तकात बाबा आहेत ना, ते. मला त्यांचे डायलॉग पाठ होते. पण मॅम म्हणाल्या, वॉचमन नाहीच आहे आता. आणि तुला हेच सूट होतं."

"का सूट होतं, ते म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुला माहीत असेल ना कसं वाटतं ते." तिनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं. "पण मला नाही माहीत. आमच्या सोसायटीत दोन झोपाळे आहेत. आम्ही रोज बसतो. वॉचमन काकांची मुलं पण बसतात. मी मॅमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ॲक्टिंग कर."

मी पुसत पुसत विचारत गेले. मग तिच्या बोलण्यातून एकेक गोष्ट कळत गेली. वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, खडकवासल्याच्या कालव्याच्या कामावर. आई सरकारी रुग्णालयात नर्स. घर शाळेपासून जवळच, स्वतःचा फ्लॅट. शिक्षण हक्क कायद्यानं ज्या राखीव जागा ठेवाव्या लागतात, त्यातल्या अनुसूचित जातींच्या गटातून, जिथे उत्पन्नाची अट नसते, तिला या शाळेत प्रवेश मिळालेला. बस. तेवढ्यावर शाळेनं तिचं घर, भूक, झोपडी, सगळं मनानंच ठरवून टाकलं होतं.

आणि मग तिनं विचारलं, "तुमच्या पुस्तकातल्या मुलीला हात जोडायला आवडलं असतं का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"मला पण नाही आवडलं. प्रॅक्टिसमध्ये मी जोडत नव्हते, तर मॅम ओरडल्या."

तेवढ्यात बाथरूमच्या दारात तिची आई आली. रुग्णालयाच्या गणवेशातच, घामाघूम. ड्यूटी लांबली म्हणून तिचं नाटक हुकलं होतं. तिनं मुलीचं अर्धं तपकिरी, अर्धं लाल तोंड बघितलं, मग माझी ओढणी. मुलीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, जशी एखादी जखम बघावी.

"हे कुणी लावलं?"

"मॅमनी. कॅरेक्टरसाठी," मुलगी म्हणाली.

मी कोण ते सांगितलं. माझं आडनाव ऐकल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "जयभीम, ताई." मीही जयभीम म्हटलं. "तुम्ही येता का माझ्याबरोबर ऑफिसात?" तिनं विचारलं. "मी एकटी गेले की हे लोक म्हणतात, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मुख्याध्यापकांच्या खोलीत समन्वयक बाईही होत्या, आणि जिनं रंग लावला ती तरुण वर्गशिक्षिका. टेबलावर माझी शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं एक रोपटं मांडून ठेवलेलं.

मुलीची आई बसली नाही. "माझ्या मुलीला हा रंग का लावला, एवढं सांगा."

"अहो, नाटक आहे," समन्वयक बाई म्हणाल्या. "शी इज अवर बेस्ट ॲक्ट्रेस. आम्ही टॅलेंट बघून रोल दिला."

"मग टॅलेंटला रंग कशाला लागतो?"

"बघा ताई," मुख्याध्यापक मृदूपणे म्हणाले, "आमच्या शाळेत आम्ही जात, धर्म, रंग असं काहीही बघत नाही. आम्हाला सगळी मुलं सारखी."

"बघत नाही?" तिनं मुलीला पुढे घेतलं. "बघत नाही तर लावलात कसा?"

वर्गशिक्षिका खाली बघत होती. मग ती म्हणाली, "मला वाटलं... त्यांच्याकडची परिस्थिती... म्हणजे ती त्या कोट्यातून आहे ना, तर तिला रिलेट होईल." बोलता बोलता आपण काय बोलतोय ते तिच्या लक्षात आलं असावं. तिचा आवाज बारीक होत गेला.

"सीट राखीव आहे म्हणून आम्ही उपाशी आहोत असं वाटलं तुम्हाला," आई म्हणाली. "आणि उपाशी असतो, तरी हे करायचं होतं का?"

या दुसऱ्या वाक्यासाठी मी तिला मनातल्या मनात सलाम केला. कारण माझ्याही मनात रागाच्या भरात तेच चाललं होतं, की बघा, इंजिनिअरची मुलगी आहे! जणू इंजिनिअरची नसती तर रंग चालला असता.

मुख्याध्यापकांनी हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर शाळेतर्फे आम्ही दिलगीर आहोत."

"'असतील तर' काढा," मी म्हटलं.

"सॉरी?"

"वाक्यातून 'असतील तर' काढा. दुखावल्यात. समोर उभी आहे."

ते हसले. सवयीचं, सगळ्या पालकांसाठी राखून ठेवलेलं हसू. मला त्या हसण्याचीच सगळ्यांत जास्त किळस आली. थर्माकोलच्या विटांपेक्षा, रिबनच्या खराट्यापेक्षाही. त्या गोष्टी निदान कुणाच्या तरी मूर्खपणातून आल्या होत्या. या हसण्याला सगळं कळत होतं.

मी शाल घेतली नाही. रोपटंही ठेवलं. समन्वयक बाई गेटपर्यंत मागे आल्या. "मॅडम, असं नका करू, आमचा हेतू चांगला होता. मुलांनी किती मेहनत घेतली!" मी म्हटलं, "मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलं तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे होती, म्हणून तर तुम्ही माइक काढून घेतलात." रिक्षा मिळेपर्यंत त्या पुठ्ठ्याच्या चौकटीशेजारीच उभं राहावं लागलं.

दोन दिवसांनी शाळेच्या फेसबुक पानावर फोटो आले. तोंडाला रंग फासलेली, हात जोडलेली ती मुलगी, आणि खाली हृदयांची रांग. शेजारी माझा चौकटीतला फोटो. लिहिलं होतं, 'प्रख्यात लेखिकेने आमच्या उपक्रमाचे भरभरून कौतुक केले.' मी फोन केला, तिच्या आईनं लेखी तक्रार दिली. बऱ्याच फोनांनंतर फोटो बदलला. काढला नाही, बदलला. मुलीला कापलं आणि उरलेला झोपाळा ठेवला. सोसायटीची मुलं तिच्या जागेकडे बघून हसतायत, हातात बिस्किटाचा पुडा. माझ्याबद्दलचं वाक्य तसंच. वकील मैत्रिणीकडून पत्र गेल्यावर तेही गेलं, कुठे माफीचा शब्द नाही.

मी तिच्या आईला विचारलं होतं, "शाळा बदलणार का?"

"का बदलू?" ती म्हणाली. "जागा तिच्या हक्काची आहे. त्यांना लाज वाटत असेल तर त्यांनी बदलावी शाळा." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, झोप मात्र लागत नाही मला. सकाळी तिला गेटवर सोडते आणि वाटतं, आज काय लावतील."

वर्गशिक्षिका एकदा त्यांच्या घरी जाऊन आली म्हणे. रडली, माफी मागितली. आईनं चहा दिला. पण वर्गात आता ती मुलीशी नजर मिळवत नाही, आणि वार्षिक संमेलनात मुलीला कुठल्याच नाटकात घेतलं नाही. वाद नको म्हणून. म्हणजे शिक्षा झाली ती तिलाच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं तिला शनिवार पेठेतल्या एका नाट्यशिबिरात घातलं. शेवटच्या दिवशी मला बोलावलं. हॉल लहान, पंखे करकरणारे, प्रेक्षक म्हणजे आईबाप आणि आज्या. तिला एका खाष्ट म्हातारीचं काम होतं. गल्लीतल्या सगळ्यांना शिव्या घालणारी, पोरांचे चेंडू जप्त करणारी. पांढरा विग सारखा डोळ्यांवर येत होता. मधेच ती वाक्य विसरली आणि न घाबरता समोरच्या आजोबांवर खेकसली, "तुम्ही काय बघता? उठा, घरी जा!" ते नाटकातलं नव्हतं. आजोबा दचकून खरंच अर्धवट उठले आणि हॉल हसून लोळायला लागला.

तिची आई माझ्या शेजारी होती. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "घरी पण अशीच ओरडते हल्ली. शाळेत नाही ओरडत. तिथे अगदी गप्प असते."

समोर म्हातारी काठी आपटत पुढच्या माणसाकडे वळली होती.